ड्यूटीत 12 हजार पावलं झाली, पण व्यायाम झाला का?

माझी वहिनी स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्डला. परवा नाइट करून घरी आली, मोजे काढले तर घोट्याच्या वर त्यांचे लाल वण उमटलेले. सोफ्यावर टेकली आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघा भाऊजी, 12 हजार पावलं. आता मला वॉकला जा म्हणाल तर बघा." मी गप्प बसलो. तिचं चुकत नव्हतंच, पण शरीराचा हिशोब जरा वेगळा असतो.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी एक राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या आंद्रेआस होल्टरमान यांनी वर्षानुवर्षं हेच धरून ठेवलंय की फावल्या वेळातली हालचाल तब्येतीला चांगली असते पण कामावरची हालचाल तशी असतेच असं नाही, उलट कधीकधी तीच बाधते. ऐकायला विचित्र वाटतं ना? पण वॉर्डातलं चालणं आठवा, चार पावलं, थांबा, वाका, परत चार पावलं. हृदयाला ताकद यावी इतका दम त्यात लागत नाही, पण नाडी आणि बीपी मात्र तासन्‌तास थोडं चढलेलं राहतं, आणि विश्रांती कधी घ्यायची ते आपल्या हातात नसतं. त्यात सलाइनसाठी शीर शोधत वाकून उभं राहिलं की पाठीचे स्नायू आखडलेलेच राहतात, त्यांच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त कमी पोचतं, आणि मग पाठ भरून येते.

आणि पेशंट उचलणं! अमेरिकेत 2007 साली संशोधक थॉमस वॉटर्स यांनी हिशोब मांडला होता की हाताने पेशंट हलवताना एका माणसावर साधारण 16 किलोपेक्षा जास्त भार नको, तेही सगळं सोयीचं असेल तर. आता 65 किलोच्या माणसाचा एक पाय धरा, तोच 10 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे चादर बदलताना दोन्ही पाय एकदम उचलले की झालीच मर्यादा पार. आणि पेशंट म्हणजे काही तांदळाचं पोतं नव्हे, तो मधेच घाबरून गळ्याला मिठी मारतो.

त्याच डॅनिश संस्थेचा 2015 चा एक प्रयोग मला फार आवडला. 3 हॉस्पिटलं, 18 विभाग, 200 महिला कर्मचारी, 10 आठवडे. एका गटाला सांगितलं की आठवड्यातून 5 वेळा 10-10 मिनिटं व्यायाम ड्यूटीच्या वेळेतच करायचा, सगळ्यांनी मिळून, शिकवायला ट्रेनर, हातात रबरी बँड आणि केटलबेल म्हणजे तो कडी असलेला लोखंडी गोळा. बाकीच्यांना बँड आणि पोस्टर देऊन सांगितलं, तेवढाच व्यायाम घरी आपल्या वेळेत करा. झालं काय, ड्यूटीवाल्या आठवड्याला सरासरी 2.2 वेळा करू शकल्या आणि घरच्या फक्त 1 वेळा. कंबर-मान-खांद्याचं दुखणं 0 ते 10 गुणांत मोजलं, तर ते ड्यूटीवाल्या गटात 0.7 गुणांनी जास्त कमी झालं, पाठीची ताकद वाढली, पेनकिलरही कमी लागल्या.

0.7 म्हणजे चमत्कार नाही, ते मान्य. पण मला तो 2.2 आणि 1 चा फरकच जास्त बोलका वाटतो. पगारी वेळ, ट्रेनर आणि सोबत असूनही पाचाचे अडीच होत नाहीत, मग घरी जाऊन कुकर लावणाऱ्या बाईला "जरा स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगून काय होणार?

बँड का, तर तो जितका ताणाल तितका जड होत जातो, खिशात मावतो, युनिफॉर्म बदलायला लागत नाही. शिवाय साधं गणित आहे, पेशंट सरकवायला तुमची 80 टक्के ताकद लागत असेल तर ताकद वाढल्यावर तेच काम कमी टक्क्यांत होतं, पेशंट तोच आणि वजन तेच. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 मध्ये, सलग 10 मिनिटं झाली तरच व्यायाम मोजायचा, ही जुनी अट काढून टाकली, त्यामुळे लिफ्टची वाट बघण्यापेक्षा तीन जिने दम लागेल असे चढलात तर तेही धरलं जातं. पेशंट सरकवायची शीट किंवा दुसरा माणूस मात्र हवाच, बँड त्याच्या बदल्यात नाही, हे मॅनेजमेंटने सोयीस्करपणे विसरू नये.

वहिनीने बँड नेला खरा. पहिल्याच दिवशी सिस्टर इन्चार्जने विचारलं, "एवढी मोठी टूर्निकेट कुणासाठी गं?" टूर्निकेट म्हणजे रक्त काढताना दंडाला बांधतात ती रबरी पट्टी. मग ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं, झाल्यावर दोघींनी खिडकीच्या ग्रिलला बांधून तो दहा-दहा वेळा ओढला, अकराव्याला बेड नंबर 7 ची बेल वाजली.