शिंग टिकतं, सरस दगा देतो

बेंदराच्या आदल्या दिवशी आमच्या वाळव्याकडं बैलांची शिंगं साळतात. साळताना निघणारी साल गुंडाळत खाली पडते. ती चुलीत टाकून बघा, केस जळाल्यासारखाच वास येतो. कारण शिंगाची वरची खोळ केराटिनची, म्हणजे आपल्या नखाकेसांच्याच द्रव्याची असते. आत हाडाचा गाभा. (सांबरशिंग हे वेगळं प्रकरण. ते सबंध हाडच असतं आणि दरवर्षी गळून पडतं.)

या खोळीपासून धनुष्य होतं. विष्णूच्या धनुष्याचं नावच शार्ङ्ग, शृंगाचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ताड, बांबू आणि लाकडाच्या धनुष्यांबरोबर शार्ङ्ग येतं.

धनुष्य ओढलं की तिरंदाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं आणि पलीकडची पाठ ताणली जाते. लाकूड हे दाबणं-ताणणं आपल्या लांबीच्या साधारण १ टक्क्यापर्यंतच सोसतं. शिंग ४ टक्क्यांच्या आसपास दाबलं तरी मोडत नाही, सोडलं की जागेवर येतं. म्हणून पोटाला शिंग लावायचं. पाठीला जनावराच्या पायातले कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे चिवट दोर), कारण ताण सोसण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं काही नव्हतं. मधल्या लाकडी पट्टीला मात्र फारसं काम नाही. अशी विभागणी केली की घोड्यावर बसून चालवता येईल इतक्या आखूड धनुष्यातही जोर राहतो.

आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगं पाहिली की माझे हात शिवशिवतात. पण त्यांचा पीळ काढायला घाम गाळावा लागेल. शिंग उकळत्या पाण्यात ठेवलं की मऊ पडतं, मग ते फळ्यांमध्ये दाबून सरळ करायचं. त्यावर आणि लाकडावर बारीक खाचा पाडायच्या, सरसाला, म्हणजे जनावरापासून केलेल्या चिकटद्रव्याला, पकड मिळावी म्हणून. कंडरे वाळवून, कुटून, पिंजून त्यांचे तंतू काढायचे, सरसात भिजवायचे आणि थरावर थर द्यायचे.

जुन्या सुतारांना किंवा मिरजेत सतारी करणाऱ्यांना सरस काय असतो हे सांगायला नको. भांडं गरम पाण्यात ठेवून तो वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, नाहीतर चिकटपणा जातो. गंमत अशी की कंडरा कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा आणि कातडी-हाडं शिजवून केलेला सरसही कोलॅजेनचाच. दोघं एकजीव होऊन वाळताना आकसतात आणि धनुष्याला उलटं खेचतात. दोरी उतरवलेलं धनुष्य त्यामुळंच पुढच्या बाजूला कमान टाकून बसतं. हे वाळणं कित्येक महिने चालतं. घाई केली तर पहिल्याच ओढीला थर सुटतात.

आणि इथंच गोम आहे. जो सरस गरम पाण्यानं सुटतो, तो दमट हवेतलं पाणीही पितो. माणदेशात, दहिवडीकडं, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तिथं असं धनुष्य निभावेल. त्याच सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला ५,५०० मिलिमीटरच्या पुढं. तिथं ते आषाढातच ढिलं पडेल. मुघल काळात हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली, त्यामागं हे एक मोठं कारण. पोलाद जड, बाण त्यामानानं हळू सुटतो, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगून ठेवलं तरी कामाला येतं.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड (टोकांना चाकं लावलेल्या) धनुष्य प्रकारात विश्वविजेती झाली. आताच्या अशा धनुष्यांच्या पात्यांत शिंग आणि कंडरा दोघांचंही काम काचतंतू किंवा कार्बनचे तंतू करतात. त्यांना धरून ठेवते ती कृत्रिम राळ. ती आषाढातल्या हवेला दाद देत नाही.