खाच जुळत नाही म्हणून नट मागे फिरवू नका

टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा) बदलताना नट आवळून झाला, कॉटर पिन (नट अडवणारी दुमडायची पिन) घालायला गेलं, तर नटाची खाच आणि स्टडचं, म्हणजे सांध्याच्या आटे असलेल्या दांड्याचं, भोक एका रेषेत येत नाही. अशा वेळी बरेच जण नट जरासा मागे घेतात, पिन सरकवतात आणि काम आटोपतात. स्टीअरिंगच्या जोडात ही सवय फार धोक्याची आहे.

हा स्टड निमुळता असतो आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तशाच निमुळत्या भोकात बसतो. नट आवळला की तो आत ओढला जाऊन घट्ट रुततो. रस्त्याचे हिसके मुख्यतः या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण झेलतं. म्हणून दोन्ही बाजू स्वच्छ आणि कोरड्या हव्यात. नटाचं काम हा ओढा टिकवून धरण्याचं. त्यासाठी स्टड एखाद्या कडक स्प्रिंगसारखा ताणलेला राहतो, पण हा ताण असतो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत. आता 1.25 मिमी पिचच्या (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) आट्यांवर नट नुसता 30 अंश मागे आला, तर तो सुमारे 0.1 मिमी सरकतो. म्हणजे मिळवलेला बहुतेक ताण गेलाच! सहा खाचांच्या नटाला पुढची खाच फार तर 60 अंशांवर असते. तिथपर्यंत तो पुढेच न्यायचा, मॅन्युअलने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. पिनमुळे जोड घट्ट होत नाही. नट गळून पडू नये एवढीच तिची जबाबदारी.

किती आवळायचं, हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. टॉर्क रेंचने (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजून आवळणाऱ्या पान्याने) लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के जोर नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्च होतो, ताण द्यायला उरतो जेमतेम 10 टक्के. त्यामुळे 12 मिमीच्या कोरड्या आट्यांवर 40 न्यूटन-मीटर टॉर्कने अंदाजे 1.7 टन ओढ मिळत असेल, तर तेलकट आट्यांवर तीच 2.2 टनांवर जाऊ शकते. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर तेल लावूच नका. जुन्या मॅन्युअलमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलेला असतो. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.8 न्यूटन-मीटर.

कधी नट फिरवताना स्टडच गरागरा फिरतो, कारण तो अजून रुतलेला नसतो. जॅकने जोड हलकेच दाबून धरला की तो पकडतो. नायलॉन रिंगचा नट असेल तर दरवेळी नवाच लावावा. आणि टाय रॉडवरचा लॉक नट (टाय रॉडची लांबी पक्की धरणारा) चाकांचं अलाइनमेंट झाल्यावरच पक्का करायचा, कारण आधी आवळला तर टो (चाकांचा पुढून आत-बाहेर कल) लावताना तो पुन्हा सैल करावाच लागतो.