अविश्वास (ख्रिस्ती धर्मविचार)

देव आहे हे मान्य असूनही त्याच्या शब्दावर न विसंबण्याच्या वृत्तीला ख्रिस्ती धर्मविचारात अविश्वास म्हणतात. नास्तिकतेहून ती वेगळी. नास्तिक माणूस 'देव नाही' असे सरळ सांगतो. अविश्वासी मन असे काही बोलत नाही. ते उपासनेला जाते, विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेची ठरावीक कबुली) तोंडपाठ म्हणते, आणि निर्णयाची घडी आली की देव हिशेबातच नसल्यासारखे वागते. त्यामुळे या विषयावरचे ख्रिस्ती लेखन बाहेरच्यांपेक्षा घरच्यांनाच उद्देशून जास्त आहे. याकोबाच्या पत्रात (२:१९) तर टोमणाच आहे : देव एकच आहे हे भुतेही मानतात, आणि थरथर कापतात.

मराठी पवित्र शास्त्रातला 'विश्वास' हा शब्द मूळ अर्थाच्या बराच जवळ जातो. आपण माणसावर विश्वास टाकतो, एखाद्यावरचा विश्वास उडतो, सभागृहात सरकारवर अविश्वासाचा ठराव येतो. यांत समोरचा अस्तित्वात आहे का, हा प्रश्नच नसतो. तो भरवशाचा आहे का, एवढाच असतो. नव्या करारातील 'पिस्तिस' (विश्वास) आणि 'अपिस्तिया' (अविश्वास) हे ग्रीक शब्दही असेच व्यक्तीकडे पाहणारे आहेत. हिब्रूत यासाठी जो धातू येतो त्याचा मूळ अर्थ घट्ट, पक्के, भार पेलणारे असा. 'आमेन' त्यातूनच आला. यशया ७:९ मध्ये संदेष्टा याच धातूवर श्लेष करतो : पक्का भरवसा धरला नाहीत, तर पक्के उभे राहणार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात 'अल्पविश्वासी' हे संबोधन चार ठिकाणी येते (६:३०, ८:२६, १४:३१, १६:८), आणि चारही ठिकाणी ते येशूच्या मागे निघालेल्या शिष्यांसाठी आहे; विरोधकांना तो कधी असे म्हणत नाही.

शुभवर्तमानांतील प्रसंग

येशूला आश्चर्य वाटल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत दोन प्रसंगी येतो. एकदा कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून, आणि एकदा स्वतःच्या गावी, नासरेथात, लोकांचा अविश्वास पाहून. परका सैनिक विश्वास ठेवतो आणि लहानपणापासून ओळखणारे ठेवत नाहीत. नासरेथकरांची अडचण माहिती कमी असण्याची नव्हती, जास्त असण्याची होती : हा सुतार, याची आई आम्हाला ठाऊक, याचे भाऊ इथलेच. तिथे थोड्या रोग्यांवर हात ठेवण्यापलीकडे त्याला महत्कृत्य करता आले नाही, असे मार्क (६:५) लिहितो. मत्तय तेच सौम्य करून 'फार महत्कृत्ये केली नाहीत' एवढेच म्हणतो. 'करता आले नाही' आणि 'केली नाहीत' यांतल्या फरकावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

पण या विषयाचा गाभा मार्कच्या नवव्या अध्यायात आहे. एक बाप मुलाला घेऊन येतो. मुलाला झटके येतात, तो कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांना काही जमलेले नाही, शास्त्री त्यांच्याशी वाद घालताहेत, भोवती गर्दी. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. 'करता येत असेल तर' हे शब्द येशू त्याच्याच पुढे धरतो : विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे. यावर बाप ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. तर्काच्या दृष्टीने हे वाक्य स्वतःलाच छेद देणारे आहे. तरी येशू त्याला आधी अविश्वास संपवून ये असे सांगत नाही. मुलगा तिथेच बरा होतो. विश्वास आणि अविश्वास एकाच छातीत नांदत असताना माणसाने काय करायचे, याचे उत्तर या प्रसंगात सिद्धांताच्या रूपात नाही; बापाने ज्याच्याविषयी शंका होती त्यालाच ती सांगितली, एवढीच कृती आहे.

मागाहून शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला का जमले नाही? मार्कमध्ये उत्तर 'प्रार्थना' असे आहे. काही हस्तलिखितांत तिच्यापुढे 'व उपास' ही जोड येते. मत्तयात (१७:२०) जुनी हस्तलिखिते 'तुमच्या अल्पविश्वासामुळे' असे वाचतात, तर पुष्कळशी नंतरची हस्तलिखिते 'तुमच्या अविश्वासामुळे' असे. नकलणाऱ्यांनाही हे दोन शब्द शेजारी वाटले असावेत. त्याच ओळीत मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास डोंगर हलवतो असे येते. हा दृष्टांत पुष्कळदा विश्वास 'वाढवा' असे सांगण्यासाठी वापरतात, हे जरा विचित्रच. कारण उपमेचा सगळा जोर दाणा किती लहान आहे यावर आहे.

थोमा या शिष्याला मात्र परंपरेने विनाकारण बदनाम केले आहे. येशू मेलेल्यांतून उठला हे जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही असे तो म्हणाला खरा, पण बाकीच्या शिष्यांना येशूने आपले हात आणि कूस आधीच दाखवली होती (योहान २०:२०). त्यांना मिळाले तेवढेच थोमा मागत होता. स्त्रियांनी कबर रिकामी असल्याचे सांगितले तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, असे लूक (२४:११) नोंदवतो. आणि येशू यहूदीयात जिवावरच्या संकटात परत निघाला तेव्हा 'आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ' असे म्हणणारा थोमाच होता (योहान ११:१६).

जुना करार आणि इब्री लोकांस पत्र

अविश्वासाचे जुन्या करारातील ठळक उदाहरण गणना १३–१४ मध्ये आहे. कनान देश हेरायला बारा जण जातात. सगळे तीच जमीन, तेच द्राक्षांचे घोस, तीच तटबंदीची नगरे पाहून येतात. माहितीत फरक नाही. दहा जण म्हणतात, त्या लोकांपुढे आम्ही टोळांसारखे होतो. यहोशवा आणि कालेब म्हणतात, देव आपल्याबरोबर आहे, चला. लोक दहांचे ऐकतात आणि ती पिढी चाळीस वर्षे रानात फिरते. इब्री लोकांस पत्राचा लेखक हीच कथा घेऊन ख्रिस्ती वाचकांना सावध करतो. त्या लोकांना आत का जाता आले नाही हे सांगताना तो एका ओळीत 'आज्ञाभंग' हा शब्द वापरतो आणि लगेच पुढच्या ओळीत 'अविश्वास' (३:१८–१९). दोन्ही शब्द असे अदलाबदलीने येत असल्यामुळे, अविश्वास हा निव्वळ बुद्धीचा प्रश्न नसून पाय न उचलण्याचाही आहे, असे ख्रिस्ती शिकवणीत मानले गेले.

संशय आणि अविश्वास

दोहोंत भेद करण्याचा आग्रह बहुतेक परंपरांत आहे. याकोब (१:६) संशयी माणसाला समुद्राच्या लाटेची उपमा देतो. तिथला ग्रीक शब्द मनात दुफळी असलेल्या माणसाचा आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात मुद्दाम जोपासलेला संशय, अनिच्छेने येणारा संशय आणि प्रकट सत्याची उपेक्षा किंवा नकार, असे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. इंग्लंडमधील कॅथलिक धर्मपंडित कार्डिनल न्यूमन यांनी १८६४ मध्ये, दहा हजार अडचणी मिळूनही एक संशय होत नाही, अशी मांडणी केली : प्रश्न न सुटणे वेगळे आणि भरवसा काढून घेणे वेगळे.

आणखी एक अवस्था आहे, जी बाहेरून अविश्वासासारखी दिसते : प्रार्थना चालू असूनही देव जवळ असल्याची जाणीवच हरपते. सोळाव्या शतकातील क्रुसाचा संत योहान याने तिला अंधारी रात्र म्हटले. लिझ्यूची संत तेरेझा आयुष्याच्या शेवटच्या दीड वर्षात, १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ च्या सप्टेंबरपर्यंत, स्वर्ग आहे की नाही याच अंधाराशी झगडत होती. आणि त्याच काळात तिने नेमाने प्रार्थना केली, लिहिले. अशा माणसाला 'विश्वास वाढव' असे सांगणे म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणे.

धर्मसुधारणा आणि नंतर

मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत विश्वास म्हणजे देवाच्या कृपेवरचा जिवंत, धाडसी भरवसा असे म्हटले. 'धाडसी' हे विशेषण इथे येते, आणि ते वीरांसाठी नाही, कोणाही विश्वासणाऱ्यासाठी आहे. सुधारकांनी विश्वासाचे तीन पदर सांगितले : माहिती, संमती आणि भरवसा. पहिले दोन असून तिसरा नसला तर तो विश्वास नव्हे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतही (१५६३) खात्रीच्या ज्ञानाला मनापासूनच्या भरवशाची जोड दिली आहे.

भरवशात संशयाला जागाच नाही असे मात्र त्यांनी म्हटले नाही. संशयाचा स्पर्शही न झालेली खात्री आपल्याला कल्पिता येत नाही, असे कॅल्विन या सुधारकाने मोकळेपणाने लिहिले. १६४० च्या दशकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारानुसार, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही पक्की खात्री लाभण्यासाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागू शकते. स्वतःच्या तारणाविषयी रात्ररात्र तळमळणाऱ्या माणसांना या एका वाक्याने किती धीर दिला असेल, याची कल्पना करता येते.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची गोष्ट या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखी आहे. जानेवारी १७३६ मध्ये तो पाळक म्हणून जॉर्जियाला जहाजाने निघाला असताना वादळ झाले. तो भ्यायला; जहाजावरची मोरेव्हियन (एका प्रोटेस्टंट पंथाची) कुटुंबे, बायकामुलांसह, स्तोत्र गात राहिली. १७३८ च्या मार्चमध्ये, विश्वासच नसेल तर मी उपदेश सोडावा का, असे त्याने पीटर बोलर या मोरेव्हियन प्रचारकाला विचारले. बोलरने सांगितले, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर. मिळाला की तो आहे म्हणून करशीलच. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत ल्यूथरची वरील प्रस्तावना वाचली जात असताना त्याला आपले मन आश्चर्यकारकपणे उबदार झाल्याचे जाणवले. साक्ष सांगणारे सहसा इथे थांबतात. पण जानेवारी १७३९ मध्ये याच वेस्लीने दैनंदिनीत, मी आजही ख्रिस्ती नाही, असे लिहून ठेवले आहे.

सामान्यांचे धैर्य

नव्या करारात धैर्यासाठी 'पर्रेसिया' हा शब्द येतो. ग्रीक नगरांत तो नागरिकाच्या मोकळेपणी बोलण्याच्या हक्कासाठी वापरत. प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये यरुशलेमची न्यायसभा पेत्र व योहान यांचे हे धैर्य पाहून चकित होते, कारण ते निरक्षर व अगदी सामान्य आहेत. सुटून आल्यावर मंडळी प्रार्थना करते. धमक्या थांबव असे ती मागत नाही. धमक्यांकडे पाहा आणि आम्हाला धैर्याने बोलू दे असे मागते. म्हणजे धैर्य आधीपासून अंगात होते असे नाही, तेही मागावे लागले. इब्री ४:१६ मध्ये देवाच्या कृपासनाजवळ जाण्यासाठी हाच शब्द आहे. लोकांसमोरचे धैर्य आणि देवासमोरचा मोकळेपणा यांना नव्या करारात एकच नाव आहे.

या लोकांना फार उंचावर बसवू नये म्हणूनच की काय, लूकने प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय लिहिला. पेत्र तुरुंगात आहे, मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते आहे. पेत्र सुटतो आणि दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. प्रार्थना करणारे तिला म्हणतात, तू वेडी आहेस. ज्याच्यासाठी मागत होते तो बाहेर ताटकळत उभा.

एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टलमध्ये अनाथगृहे चालवणारा जॉर्ज म्युलर कोणाकडे पैसे मागत नसे; फक्त प्रार्थना करी आणि काय मागितले, काय मिळाले याची नोंद ठेवी. त्याच्या हयातीत तिथे दहा हजारांहून अधिक मुले सांभाळली गेली. १ करिंथ १२:९ मध्ये सांगितलेले विश्वासाचे विशेष दान आपल्याकडे नाही, जे आहे ते प्रत्येक विश्वासणाऱ्याला उपलब्ध असते, असे तो सांगत राहिला. तरी नंतरच्या चरित्रांनी त्याला विश्वासवीर करून टाकलेच.

मंडळ्यांच्या रोजच्या जीवनात अविश्वासावरचे उपाय साधे असतात : वचन ऐकणे (विश्वास ऐकण्याने होतो, असे रोम १०:१७), प्रभुभोजन, एकमेकांच्या साक्षी, आणि मन तयार नसतानाही एखादी लहान आज्ञा पाळून पाहणे. विलापाची स्तोत्रे यांत फारच कमी वापरली जातात. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, आणि तरी ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात आहे.

वाद

विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेल्या 'विश्वासाच्या वचना'च्या चळवळीने विश्वास ही जणू वापरायची शक्ती आहे असे शिकवले : मनात संशय न आणता तोंडाने कबूल करा, आरोग्य आणि समृद्धी मिळेल. सामान्य ख्रिस्ती माणसाला मोठे मागण्याची हिंमत तिने दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आजारी माणूस बरा झाला नाही की दोष त्याच्या विश्वासाला लागतो, आणि याला शुभवर्तमानांत आधार सापडत नाही. पक्षाघाती माणसाच्या बाबतीत येशू त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास पाहतो (मार्क २:५). झटके येणाऱ्या मुलाला तर कोणी काही विचारतच नाही. इब्री ११ मधील यादीत सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत आणि करवतीने चिरले गेलेलेही, आणि दोघांनाही विश्वासाबद्दल सारखीच साक्ष मिळाली आहे. दानीएल ३:१८ मध्ये भट्टीपुढे उभे असलेले तिघे म्हणतात, आमचा देव सोडवील. आणि नाही सोडवले तरी मूर्तीला नमन करणार नाही.

पाण्यावरून चालताना बुडू लागलेल्या पेत्राला 'संशय का धरलास' असे विचारताना मत्तय जे क्रियापद वापरतो, ते नव्या करारात आणखी एकदाच येते : गालीलातील डोंगरावर, पुनरुत्थित येशूला पाहून अकरा शिष्य नमन करतात तेव्हा, 'पण काहींना संशय वाटला' (२८:१७). पुढच्याच ओळींत येशू जवळ येतो आणि सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो. संशय वाटणाऱ्यांना आधी बाजूला काढल्याचा उल्लेख तिथे नाही.