बेरजेचं चिन्ह किती उंचीवर बसतं?

जळगावातल्या एका क्लासची दहावीची सराव प्रश्नपत्रिका पाहण्यात आली. एका गणितात वर्गमुळाची आडवी रेघ चिन्हाला सोडून वर तरंगत होती. वर्गमुळाखाली नुसते १६ घ्यायचे की १६ + ९? पहिलं धरलं तर उत्तर १३, दुसरं धरलं तर ५. अक्षरं मात्र झकास. डीटीपीवाल्याने हौसेने नवा फॉन्ट टाकला होता. फॉन्ट म्हणजे अक्षरांची चित्रं, ती देखणी असली की गणितही देखणं छापून येणार, असा समज सर्रास आढळतो.

गणिताच्या फॉन्टमध्ये चित्रांइतकीच मापं लागतात. मुळाचं चिन्ह फॉन्टमधून येतं, वरची रेघ बहुधा प्रोग्राम ओढतो. ती किती जाड, हे फॉन्टनेच सांगायचं. कॅम्ब्रिया मॅथसारख्या फॉन्टच्या पोटात अशा पन्नासहून जास्त आकड्यांचा तक्ता असतो. त्यातला माझा लाडका आकडा म्हणजे अक्षाची उंची.

अक्षरं आधाररेषेवर बसतात. तिच्या थोडं वर एक अदृश्य आडवी रेषा माना. तो गणिताचा अक्ष. अपूर्णांकाची रेघ आणि वजाचं चिन्ह याच उंचीवर, अधिकचा आणि कंसाचा मध्यही इथेच. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली, ती पसंत पडली नाहीत, म्हणून अक्षरजुळणीची टेक ही प्रणाली आणि कॉम्प्युटर मॉडर्न हे फॉन्ट स्वतःच घडवले. त्यांच्या १० पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग) फॉन्टमध्ये अक्ष आधाररेषेच्या २.५ पॉइंट वर आहे. कंस आधाररेषेखाली २.५ पॉइंट उतरतो आणि वर ७.५ पॉइंट चढतो. मध्य काढा: (७.५ − २.५) ÷ २ = २.५. बरोबर अक्षावर! कंस मोठा करताना तो अक्षाच्या वर-खाली सारखाच वाढवतात, त्यामुळे आत तीनमजली अपूर्णांक आला तरी तोल जात नाही. दुसऱ्या फॉन्टमधून अधिकचं चिन्ह उसनं आणलं आणि त्याचा मध्य ३ पॉइंटवर निघाला, की शेजारच्या अपूर्णांकाच्या रेघेशी अर्ध्या पॉइंटची पायरी पडते. काय चुकलंय ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण ओळ खटकते.

आता देवनागरी. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची त्यात नोंद आहे. (लोकांना मात्र घटिकापात्रात मोती पडून भास्कराचार्यांच्या मुलीचा, लीलावतीचा, लग्नमुहूर्त हुकल्याची कथाच पाठ! त्या कथेला काडीचा पुरावा नाही.) भास्कराचार्य अज्ञात राशींसाठी या, का, नी लिहीत आणि ऋण संख्येवर टिंब देत.

ही मांडणी आजच्या फॉन्टमध्ये जुळवायची तर शिरोरेघ आडवी येते. छेदात ‘का’ ठेवला की अपूर्णांकाच्या रेघेखाली लगेच दुसरी रेघ. मधलं अंतर रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरलेलं, त्यामुळे बारीक टायपात दोन्ही मिळून एक जाड पट्टी दिसते. ‘नी’ची वेलांटी तर शिरोरेघेच्याही वर जाते, तिला जागा द्यायला प्रोग्राम तो छेद खाली ढकलतो आणि शेजारशेजारच्या अपूर्णांकांतले ‘का’ व ‘नी’ वेगवेगळ्या पातळीवर बसतात. म्हणून छेदाची जागा वेलांटीसकट उंची धरून ठरवावी लागते, मग ओळींमधलं अंतरही वाढवावं लागतं. ऋण टिंबासाठी अनुस्वार वापरून भागत नाही. अनुस्वार बहुधा अक्षराच्या दांड्यावर बसवलेला असतो, अंकाला दांडाच नाही. दहाही अंकांवर टिंबाची जागा एकेक करून नेमून द्यावी लागते.