आठवड्यातला एक तास

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९८६-८७ च्या सुमारास तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये आरोग्यसेविका दर आठवड्याला ठरलेल्या घरी जाऊ लागल्या. त्यांच्या पिशवीत औषधं नसायची, खेळणी असायची. तीही विकतची नव्हेत. प्लास्टिकच्या बाटलीचा खुळखुळा, टाकाऊ वस्तूंपासून केलेले ठोकळे, हाताने चित्रं काढून तयार केलेलं एखादं पुस्तक. सेविका तासभर थांबायची, आईच्या शेजारी बसायची आणि दोघी मिळून बाळाशी खेळायच्या. निघताना खेळणी घरातच राहायची. पुढच्या आठवड्यात जुनी खेळणी परत जायची आणि नवी यायची. असं दोन वर्षं चाललं.

ती मुलं आता चाळिशीच्या आसपास आहेत. मधल्या काळात संशोधक त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. त्यांची बुद्धी, शाळा, कमाई, मनाची अवस्था तपासत राहिले. बालविकासाबद्दल इतक्या लांबवर माग काढलेले अभ्यास जगात मोजकेच आहेत. माझं स्पष्ट मत आहे, की त्यातून जे शिकायचं ते आपण निम्मंच शिकलो.

अभ्यास उभा केला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. ९ ते २४ महिन्यांची १२९ मुलं निवडली. सगळी खुरटलेली, म्हणजे वयाच्या मानाने उंची फारच कमी असलेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला १ किलो दुधाचा पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटाच्या घरी खेळणी घेऊन सेविका गेली. तिसऱ्याला दोन्ही मिळालं. चौथ्याला यातलं काहीच नाही.

दोन वर्षांनी पाहिलं तर आहाराचाही फायदा झाला होता आणि खेळाचाही. दोन्ही मिळालेली मुलं तर न खुरटलेल्या मुलांच्या जवळपास पोचली होती. गोष्ट इथेच थांबली असती, तर ती एका चांगल्या योजनेची गोष्ट ठरली असती. पण मुलं शाळेत जाऊ लागली तसा दुधाचा बौद्धिक फायदा ओसरत गेला. खेळाचा टिकला. बाविसाव्या वर्षी खेळाच्या गटातल्या तरुणांचा बुद्ध्यंक जास्त होता, नैराश्याची लक्षणं कमी होती, मारामारी-हिंसेचं प्रमाणही कमी होतं. त्यांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली. कमाईचे हे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पुढे एकतिसाव्या वर्षी पाहिलं, तर तासाच्या मजुरीतला फरक ४३ टक्क्यांपर्यंत गेला होता. सव्वाशे मुलांवरून काढलेल्या आकड्यांना फार चिकटून बसू नये. पण फरकाची दिशा दर वेळी तीच राहिली, आणि ती महत्त्वाची आहे.

यावरून आहार दुय्यम आहे असं कुणी समजू नये. या मुलांना दूध मिळू लागलं तेव्हा ती आधीच खुरटलेली होती. गरोदरपणातलं लोह, आयोडीन आणि पहिल्या सहा महिन्यांचं आईचं दूध यांना पर्याय नाही. मात्र पोट भरलं की मेंदू आपोआप घडतो, ही समजूत किंग्स्टनने कायमची मोडीत काढली.

मेंदू घडतो कसा? जन्मतः बाळाच्या मेंदूचं वजन प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतं. या काळात चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून पडतात. कुठल्या जोडण्या वापरल्या जाणार, हे बऱ्याच अंशी बाळाला मिळणाऱ्या प्रतिसादावर ठरतं. बाळ ‘आगूऽऽ’ करतं, आई ‘होऽऽ का?’ म्हणते, बाळ पुन्हा हुंकार देतं. या देवाणघेवाणीत भाषा आहे, आपली पाळी येईपर्यंत थांबणं आहे आणि ‘मी काही केलं की कुणीतरी दाद देतं’ हा विश्वासही आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आई बाळाशी हसतखेळत बोलत असते. मग तिला दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायला सांगतात. काही महिन्यांचं बाळ आधी हसून पाहतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. तरी दाद मिळत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडवेलं होतं. आई पुन्हा हसली की बाळही हळूहळू सावरतं. घटकाभर दुर्लक्ष झालं म्हणून कुठल्या बाळाचं नुकसान होत नाही, तेव्हा हे वाचून कुठल्याही आईने धास्ती घेऊ नये. प्रश्न येतो तो दाद महिनोन् महिने मिळत नाही तेव्हा. आणि तशी ती मिळत नसेल, तर बहुतेकदा दोष आईच्या मायेत नसतो. ती थकलेली असते, एकटी पडलेली असते, किंवा नैराश्यात असते.

आपण शिकलो नाही ते नेमकं हेच. किंग्स्टनच्या सेविकेचं काम बाळाला शिकवणं नव्हतं. खेळ कसा खेळायचा ते ती दाखवायची आणि लगेच आईला करून पाहायला सांगायची. आईला जमलं की मनापासून कौतुक करायची. खेळणं मागे ठेवायचं ते उरलेले सहा दिवस आईने खेळावं म्हणून. आपल्याकडे अशी भेट कशी दिसेल? सेविका म्हणेल, ‘ताई, बघा, तुम्ही नुसती हाक मारली तर कसा वळून पाहिला!’ मग वाटीखाली चमचा लपवून बाळाला शोधायला लावायचं. सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या असतील, तर त्यांनाही खेळात ओढायचं. आंघोळ घालताना हात, पाय, नाक, कान अशी नावं घेत जायचं, भाजी निवडताना एक पान बाळाच्या हाती द्यायचं. यात आईचं काम वाढत नाही. करून संपल्यावर मात्र ‘मला जमतं’ हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी हाच धागा दुसऱ्या टोकाने पकडला. गरोदरपणी नैराश्यात असलेल्या बायकांशी कसं बोलावं, विचारांची दिशा बदलायला कशी मदत करावी, हे त्यांनी गावपातळीवरच्या महिला आरोग्यसेविकांना शिकवलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा साध्या भेटी मिळालेल्या आयांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या, तर हा आधार मिळालेल्यांत २३ टक्के. या घरांत बाळांना जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त झालं, आणि बापसुद्धा मुलाशी जास्त खेळू लागले.

जमैकाची पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ओडिशात १९२ गावांमध्ये ती दोन तऱ्हांनी वापरून पाहिली गेली. काही गावांत घरोघरी जाऊन, काही गावांत आयांना गटाने एकत्र बसवून. मुलांच्या बौद्धिक वाढीला दोन्हींचा जवळपास सारखाच फायदा झाला. गटाचा खर्च मात्र कितीतरी कमी आला. शिवाय चारचौघी एकत्र बसल्या की एकमेकींचं पाहून धीर येतो, तो वेगळाच.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला काम करताना, मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगावी अंगणवाडी आली. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आढळली. २०२४ मध्ये केंद्राने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात छत्तीस महिन्यांसाठी १४० कृती दिल्या आहेत. कागद उत्तम आहे. पण त्या कृती घरापर्यंत न्यायच्या कुणी? सेविकेने वजनं घ्यायची, आहार वाटायचा, तीन ते सहा वर्षांची मुलं सांभाळायची, मोबाइलवर माहिती भरायची. यातून घरी जाऊन तासभर बसायला तिला वेळ कुठून मिळणार?

आईकडे तरी वेळ आहे का? बीडची जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात, तेव्हा तान्हं मूल फडाच्या कडेला असतं आणि आई पहाटेपासून ऊस तोडत असते. तिला ‘बाळाशी बोला’ असं सांगणं ही तिची थट्टा आहे. सव्वीस आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा कायद्यात आहे, पण तिचा लाभ मिळतो तो संघटित क्षेत्रातल्या बायकांना. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी बाळाच्या विकासाची पहिली योजना म्हणजे कामाजवळचं चांगलं पाळणाघर आणि बाळंतपणानंतर मजुरी बुडली तरी चूल पेटती ठेवणारी रक्कम. हे बालविकासाच्या खर्चात धरायलाच हवं.

मनुष्यबळाच्या प्रश्नाचं उत्तर तमिळनाडूत तपासलं गेलं आहे. तिथल्या काही अंगणवाड्यांमध्ये अर्ध्या दिवसासाठी एक जास्तीची कार्यकर्ती नेमली. दीड वर्षात मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, गणित आणि भाषा सुधारली. जुन्या सेविकेला आरोग्य-पोषणाकडे पाहायला सवड मिळाल्याने खुरटलेल्या मुलांचं प्रमाणही घटलं. महाराष्ट्राने अशी दुसरी सेविका नेमावी. तिच्याकडे फक्त तीन वर्षांखालची बाळं आणि त्यांच्या घरची माणसं द्यावीत, आणि वजनाची नोंदवही व मोबाइलची माहिती यांपासून तिला मोकळं ठेवावं. सुरुवात मेळघाट, नंदुरबार, गडचिरोली आणि ऊसतोडीच्या तालुक्यांतून करावी.