दुय्यम मतभेद आणि मंडळीचं ऐक्य

ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा प्रभू एकच, पण बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं होऊन स्वतः कबुली दिल्यावरच, पाणी शिंपडायचं की पूर्ण बुडवायचं, बिशप हवा की नको, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या मंडळ्या, म्हणजे चर्च, झाल्या. तारण, म्हणजे पापातून सुटका, ज्यावर अवलंबून नाही अशा बाबतीत मत आपापलं ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, मात्र एकत्र यायचं, याला मंडळीचं ऐक्य म्हणतात.

आधार बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाचा. तिथे वाद जेवणावरून होता, कोणी सगळं खायचा, कोणी नुसता भाजीपाला, आणि कोणी अमुक दिवस विशेष मानायचा. पौल म्हणतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की पौल स्वतःचं मत लपवत नाही, कुठलंच अन्न मुळात अशुद्ध नाही असं तो स्पष्ट सांगतो, तरीपण भावाला अडखळण होत असेल तर ते खाऊ नका म्हणतो.

आपल्याकडचं मोठं उदाहरण नागपूरचं. 29 नोव्हेंबर 1970 ला तिथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झालं. अँग्लिकन; प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन परंपरांचं मिळून झालेलं युनायटेड चर्च; बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट असे सहा गट एक झाले, आणि याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली होती म्हणजे चाळीस वर्षं लागली! खरी अडचण बाप्तिस्म्याची, कारण स्वतः कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा मानणाऱ्या बॅप्टिस्टांसाठी ती काही छोटी गोष्ट नव्हती. शेवटी दोन्ही पद्धती मान्य केल्या, आईवडिलांनी ठरवायचं, बाळाचं फक्त देवाला समर्पण करून बाप्तिस्मा पुढे घेतला तरी चालतं, आणि बाळाला बाप्तिस्मा द्यायला एखाद्या पाळकाचं मन धजत नसेल तर त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवायचं. कोणाच्याच विवेकावर जबरदस्ती नाही, म्हणून हे जमलं.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, त्याची हळहळ अजून वाटते. पण मराठी उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं सीएनआयमध्येही म्हणतात आणि मेथडिस्ट मंडळीतही, तिथे कोणी कुठल्या पद्धतीने बाप्तिस्मा घेतला हे विचारत नाही.