पार्श्वभूमी : नवा अंक आणि २००७चा न मिटलेला वाद

फँटसी रोलप्लेइंगच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक जगातली पात्रं वठवायच्या खेळाच्या, मासिकाचा नवा अंक आला की चाहत्यांच्या गप्पांत तीन प्रश्न हमखास निघतात. यातलं काय आमच्या टेबलावर चालेल? अंक छापील आहे की पडद्यावरच वाचायचा? आणि पुढचा अंक निघेल ना? पहिला प्रश्न या छंदाइतकाच जुना आहे. उरलेल्या दोघांना जी धार आहे ती मात्र २००७ सालची, या खेळाची 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही मासिकं छापील रूपात बंद झाली तेव्हाची. तो इतिहास माहीत नसला की साध्या अनुक्रमणिकेवरून जाणती माणसं हमरीतुमरीवर का येतात, हे नव्या खेळाडूला उमगत नाही.

सुरुवातीचा काळ झटपट उरकू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या छंदाचा मूळ खेळ बाजारात आल्यावर वर्षभरात, म्हणजे १९७५च्या वसंतात, त्याच्या प्रकाशकाने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' हे काही पानांचं पत्रक काढलं. सात अंकांत ते आटोपलं आणि जून १९७६मध्ये त्याच्या जागी 'द ड्रॅगन' आलं. पत्रक किरकोळ, पण ऐवज बघा: माइंड फ्लेअर हा मॉन्स्टर पहिल्याच अंकात, रेंजर हा क्लास (पात्राचा प्रकार) दुसऱ्यात, पुढे इल्युजनिस्ट आणि बार्ड हे क्लास. आज ज्यांच्याशिवाय हा खेळ डोळ्यांसमोर येत नाही, त्यातलं बरंच काही आधी अंकात छापून आलं आणि मग नियमपुस्तकात गेलं.

ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या 'व्हाइट ड्वार्फ'ने वाचकांनाच कामाला लावलं. 'फीन्ड फॅक्टरी' या सदरात वाचक आपापले मॉन्स्टर पाठवायचे. गिथयांकी ही जमात तिथेच, एका किशोरवयीन वाचकाच्या डोक्यातून उतरली. १९८१च्या 'फीन्ड फोलिओ' या मॉन्स्टरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिला मान मिळाला आणि २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये तिच्यातली एक योद्धी थेट खेळाडूची सोबतीण झाली. मासिकाच्या एका पानाने याहून लांबचा पल्ला क्वचितच गाठला असेल. पुढे 'व्हाइट ड्वार्फ' आपल्याच कंपनीच्या खेळांपुरतं उरलं. त्याची कहाणी वेगळी.

'टेबलावर चालेल का' हा घोळ 'ड्रॅगन'नेच घालून ठेवला. अंकात नवनवे क्लास छापले जात आणि वर सूचना असे: हा क्लास खेळाडूंसाठी नाही, फक्त डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पात्रांसाठी. ही सूचना कोणीही पाळली नाही. अंक हाती पडला की पुढच्या बैठकीला कोणीतरी अँटी-पॅलाडिन हा असाच क्लास घेऊन हजर. त्यातही खेळाच्या मूळ कर्त्याने लिहिलेला लेख 'पक्का' आणि वाचकाने पाठवलेला 'कच्चा', अशी अलिखित वाटणी असायची. बार्बेरियन, कॅव्हेलियर आणि थीफ-अॅक्रोबॅट हे तिघे आधी अंकांतून आले आणि १९८५च्या 'अनअर्थ्ड आर्काना' या नियमपुस्तकात बसले तेव्हा कुठे त्यांच्यावर शिक्कामोर्तब झालं. नियमांच्या शंकांना उत्तरं देणारं 'सेज अॅडव्हाइस' हे सदर १९७९पासूनचं. त्यातल्या उत्तरांनी जितके वाद मिटवले तितकेच नवे लावून दिले.

१९८६मध्ये फक्त तयार अॅडव्हेंचर (टेबलावर खेळायच्या आखीव कथा) छापणारं 'डंजन' हे जोडमासिक आलं. दहा वर्षांनी मूळ प्रकाशक कर्जात बुडाला, छपाई अडली, १९९७ साली काही महिने अंकच निघाले नाहीत. शेवटी एका पत्त्यांच्या खेळाच्या कंपनीने सगळा कारभार विकत घेतला. अंक बंद पडू शकतो, ही धास्ती वाचकांच्या मनात शिरली ती तेव्हा.

नव्या मालकांनी १९९९मध्ये 'ड्रॅगन'चे पहिले अडीचशे अंक सीडींच्या संचात आणले. चाहते खूश, लेखक आणि चित्रकार नाराज. अनेकांनी फक्त पहिल्या छपाईचे हक्क दिले होते. सीडीसाठी त्यांना ना विचारलं, ना मोबदला दिला. मालकांचं म्हणणं, हे नवं प्रकाशन नव्हेच, जुनेच अंक जसेच्या तसे दिलेत. अंकात चालणाऱ्या एका लोकप्रिय कॉमिक पट्टीच्या प्रकाशकाने हरकत घेतली. तडजोडीत त्याला जुन्या आवृत्तीच्या नियमांवर आपला विनोदी खेळ काढायची मुभा मिळाली, तो 'हॅकमास्टर'. जून २००१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, की स्वतंत्र लेखकांचे लेख इलेक्ट्रॉनिक संग्रहात टाकायचे तर त्यांची वेगळी परवानगी हवी. तो संच पुन्हा निघाला नाही. जुने अंक सरळ मार्गाने का मिळत नाहीत, असं कोणी विचारलं की जुनी मंडळी या प्रकरणाकडे बोट दाखवतात.

२००२ साली मालकांनी दोन्ही मासिकं परवान्याने एका नव्या छोट्या प्रकाशकाकडे सोपवली. तिथली बरीचशी माणसं आधी हीच मासिकं काढणारी. माझ्या मते या मासिकांचा सगळ्यात बहरलेला काळ हाच. 'डंजन'मध्ये मार्च २००३पासून 'द शॅकल्ड सिटी' ही जोडलेल्या अॅडव्हेंचरची लांबलचक मालिका चालली. मग 'एज ऑफ वर्म्स' आणि 'सॅव्हेज टाइड', दोन्ही बारा-बारा हप्त्यांच्या. पहिल्या लेव्हलला (ताकदीच्या पायरीला) निघालेली पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, विसाव्याच्या आसपास पोचेपर्यंतची सगळी सोय अंकांतच. डीएमने समासात पेन्सिलीने मॉन्स्टरचे उरलेले हिट पॉइंट (किती जीव शिल्लक आहे त्याचा आकडा) मांडायचे, एखाद्या मेलेल्या पात्रावर काट मारायची आणि पुढचा हप्ता कधी येतोय याची वाट बघायची. शिवाय मुखपृष्ठावर मजकूर अधिकृत असल्याची ग्वाही, म्हणजे 'कच्चा-पक्का' हा जुना वादही जवळपास निकालात निघाला होता.

आणि १९ एप्रिल २००७ रोजी जाहीर झालं, की परवान्याला मुदतवाढ नाही. 'सॅव्हेज टाइड' पूर्ण करण्यापुरती सवलत मिळाली आणि सप्टेंबर २००७मध्ये 'ड्रॅगन'चा ३५९वा आणि 'डंजन'चा १५०वा अंक निघून छपाई थांबली. मालकांचं कारण सरळ होतं: खेळाडू आता माहितीसाठी इंटरनेटवर जातात, मजकूरही तिथेच गेला पाहिजे. त्यात चूक काही नव्हतं. कागद, टपाल आणि दुकानातून परत येणारे गठ्ठे यांनी त्या काळात कितीतरी मासिकं गिळली.

चाहत्यांचा राग त्या कारणावर नव्हता, निर्णयाच्या वेळेवर आणि पद्धतीवर होता. तीस वर्षांचं मासिक बंद होतंय आणि त्याच्या जागी काय येणार याचा धड तपशील नाही. ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात खेळाची चौथी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा लोकांनी दोन आणि दोन चार केले: नवी आवृत्ती आणायची, तर जुन्या आवृत्तीवर दर महिन्याला उत्तम मजकूर देणारं मासिक बाहेरच्याच्या हातात कशाला ठेवायचं? मालकांनी हे असं कधी म्हटलं नाही. पण पुढचा घटनाक्रम पाहता हा संशय अगदीच बिनबुडाचा होता असंही म्हणवत नाही.

गंमत म्हणजे, ज्या प्रकाशकाच्या हातून मासिकं गेली त्याने त्याच जेन कॉनला अॅडव्हेंचरच्या 'पाथफाइंडर' मालिकेचा पहिला खंड मांडला. वर्गणीदारांना शिल्लक अंकांच्या बदल्यात ती मालिका घेण्याचा पर्यायही दिला होता. बाहेरच्यांना चौथ्या आवृत्तीवर मजकूर छापू देणारा परवाना २००८मध्ये आला तो इतका आवळलेला, की बाहेरच्या प्रकाशकांनी हात आखडता घेतला. उलट २०००चा खुला परवाना, म्हणजे खेळाचे नियम वापरून कोणालाही छापायची मुभा, जुन्या नियमांना लागू होताच. त्याच्याच आधारावर ऑगस्ट २००९मध्ये 'पाथफाइंडर'चं स्वतंत्र नियमपुस्तक आलं, आणि २०११पासून काही काळ दुकानांच्या विक्रीयादीत ते मूळ खेळाच्या वर होतं. मासिक काढून घेतलं आणि प्रतिस्पर्धी उभा केला, असं चाहते म्हणतात. थोडी अतिशयोक्ती आहे, फार नाही.

पडद्यावरच्या 'ड्रॅगन'ची अवस्था मध्यम राहिली. लेख महिनाभर एकेक करून येत, मग एकत्र बांधले जात, आणि लवकरच सगळं वर्गणीच्या कुंपणामागे गेलं. मजकूर वाईट नव्हता. पण दुकानात सहज चाळून कोणी नवा खेळाडू गळाला लागावा, ही वाट बंद झाली. त्यात एप्रिल २००९मध्ये मालकांनी चोरट्या प्रतींचं कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री रातोरात थांबवली. ती जानेवारी २०१३पर्यंत बंदच होती. पडद्यावर घेतलेलं आपलं नसतं, हा धडा लोकांनी तिथे घेतला. डिसेंबर २०१३मध्ये ४३०व्या अंकानंतर 'ड्रॅगन' आणि २२१व्या अंकानंतर 'डंजन' थांबलं. २०१५मध्ये आलेलं 'ड्रॅगन प्लस' फुकट होतं, चकचकीतही होतं, पण बरंचसं येऊ घातलेल्या पुस्तकांची जाहिरात. २०२२मध्ये तेही गेलं.

मधल्या पोकळीत छोटे अंक उगवले. 'ड्रॅगन'च्या एका माजी संपादकाने २००७च्या उन्हाळ्यातच 'कोबोल्ड क्वार्टरली' सुरू केलं आणि २०१२पर्यंत तेवीस अंक काढले. जुन्या धाटणीच्या खेळाडूंनी २००८मध्ये 'फाइट ऑन!' काढलं, त्यात पुन्हा वाचकांचेच नकाशे, वाचकांचेच मॉन्स्टर. फेब्रुवारी २०१९मध्ये लोकवर्गणीच्या एका मोठ्या संकेतस्थळाने 'झीन क्वेस्ट' हा अशा छोट्या अंकांचा उपक्रम भरवला आणि साध्या, एका शाईच्या, घडी घालून शिवलेल्या अंकांची लाटच आली.

जानेवारी २०२३मध्ये २०००चा तो खुला परवाना बदलण्याचा मसुदा फुटला आणि या छोट्या अंकांचे संपादक हादरले, कारण त्यांच्यातल्या अनेकांचा डोलारा त्या परवान्यावरच उभा होता. ओरड इतकी झाली, की महिना संपायच्या आत मालकांनी माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांना खुल्या परवान्याखाली मोकळा केला. 'पाथफाइंडर'वाल्यांनी दरम्यान इतर प्रकाशकांना सोबत घेऊन ओआरसी नावाचा वेगळाच परवाना आणला. त्यामुळे एकाच मॉन्स्टरचे आकडे कोणत्या परवान्याखाली छापायचे, हे आता प्रत्येक संपादकाला अंकागणिक ठरवावं लागतं.